परसातला चाकवत

गेल्या वर्षी जून महिन्यात आई आमच्याकडे सेंट लुईसला आली. नाना, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरची तिची ही पहिलीच फेरी. एका शनिवारी सकाळी मी हातमोजे घालून बॅकयार्डमध्ये तण उपटत होतो. हौस म्हणून नव्हे. 'कुंपणालगत तण माजले आहे, दोन आठवड्यांत काढावे' असं एचओएचं प्रेमपत्र आलं होतं. आई चहा घेत डेकवर बसली होती. उपटलेल्या ढिगाकडे तिचं लक्ष गेलं आणि कप तिथेच ठेवून ती खाली उतरली.

"अरे, हा तर चाकवत! उपटून टाकतोयस कुठं?"

"आई, हे तण आहे. इथे याला लॅम्ब्सक्वार्टर्स म्हणतात."

"म्हणू देत काहीही. पानाखाली पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय ना? चाकवतच आहे हा. यावर औषध तर मारलं नाहीस ना?"

नव्हतं मारलं. त्या दुपारी आमच्याकडे ताकातली चाकवताची पातळ भाजी झाली. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणीची खमंग फोडणी. एरवी हिरवं काही पाहिलं की नाक मुरडणाऱ्या माझ्या मुलीने दोनदा वाढून घेतली. बायको म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण भाजी उपटून टाकत होतो आणि दुकानातून पालक विकत आणत होतो!"

गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण आम्हा आयटीवाल्यांना एक खोड असते. कुठलीही गोष्ट चालते आहे एवढ्यावर समाधान होत नाही, ती अशी का चालते हे उकरून बघावंसं वाटतं. त्या रात्री मी चाकवत उकरायला बसलो आणि त्यातून जे निघालं त्याने मला माझ्याच घरातल्या एका प्रश्नाशी आणून बसवलं. मी पुरातत्त्वज्ञ नाही आणि शेतकरी तर त्याहून नाही. तेव्हा जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

*

माणसाने शेती कुठे सुरू केली असं विचारलं तर आपण शाळेत शिकलेलं उत्तर देतो : युफ्रेटिस-टायग्रिसचं खोरं. फार तर त्यात चीन आणि मेक्सिकोची भर घालतो. पण जगात ज्या मोजक्या ठिकाणी माणसाने कुणाकडूनही न शिकता, आपल्या आपण, रानटी रोपं लागवडीखाली आणली, त्यांतलं एक ठिकाण म्हणजे आपण राहतो तो अमेरिकेचा हा मधला भाग. मिसिसिपी, इलिनॉय, टेनेसी, ओहायो या नद्यांची खोरी. मका मेक्सिकोतून येऊन इथे मुख्य पीक होण्याच्या कितीतरी आधी इथले लोक भोपळा, सूर्यफूल, मार्श एल्डर नावाची एक तेलबी आणि चाकवताचा एक सख्खा भाऊ पिकवत होते. या भावाचं शास्त्रीय नाव चेनोपोडियम बर्लांडिएरी. आपला चाकवत चेनोपोडियम आल्बम. दोघे शेजारी उभे केले तर तुम्हा-आम्हाला ओळखू येणार नाहीत. हेल्थ फूड म्हणून आपण जो किन्वा आणतो तोही याच भावकीतला.

वाबॅश नदीकाठी इलिनॉयमध्ये रिव्हरटन नावाची एक जुनी वस्ती सापडली आहे. तिथे सुमारे ३८०० वर्षांपूर्वी या पिकांची लागवड होत होती. ती पिकं आहेत, नुसती वेचून आणलेली रानटी बी नव्हे, हे कसं ओळखायचं? इथे ब्रूस स्मिथ या स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञाचं काम फार सुंदर आहे. अलाबामातल्या रसेल केव्ह या गुहेत १९५० च्या दशकात उत्खनन झालं होतं. त्यात चाकवताच्या या भावाच्या सुमारे ५० हजार जळक्या बिया सापडल्या, कुणीतरी साठवून ठेवलेल्या, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. पुढे कितीतरी वर्षं त्या स्मिथसोनियनच्या संग्रहात नुसत्या पडून होत्या. स्मिथ यांनी त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरल्या आणि त्यांचं कवच मोजलं. १९८४ साली त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. रानटी बीचं कवच साधारण ४० ते ६० मायक्रॉन जाड असतं. या बियांचं २० मायक्रॉनहूनही कमी होतं.

एवढ्याशा फरकाचं काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण सगळी गोष्ट त्या कवचातच आहे.

रानटी बी जाड कवच घालून जमिनीत पडते आणि थांबते. काही बिया पुढच्या वर्षी उगवतात, काही पाच वर्षांनी, काही त्याहूनही उशिरा. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी पूर येतो. म्हणून ती कुठल्याही एका वर्षावर भरवसा ठेवत नाही. आपल्या आज्या सगळे पैसे एका डब्यात ठेवत नसत, तसंच हे. पण माणूस बी पेरायला लागला की हिशेब उलटा होतो. जी बी पेरल्याबरोबर उगवते तिला वाढायला जागा मिळते, तीच कापणीत येते आणि तीच पुढच्या पेरणीसाठी राहते. जी थांबते ती मागे पडते. असं पिढ्यान् पिढ्या होत गेलं आणि कवच पातळ झालं. पातळ कवचाची बी म्हणजे भरवसा ठेवलेली बी. कुणीतरी मला योग्य वेळी पेरील, कुणीतरी राखील, या भरवशावर तिने आपलं चिलखत उतरवून ठेवलं.

गव्हाचीही तीच कथा. रानटी गहू पिकला की त्याच्या ओंब्या आपोआप फुटून दाणे जमिनीवर विखुरतात. आपल्या गव्हाचे दाणे ओंबीला चिकटून राहतात, कुणीतरी येऊन कापीपर्यंत. कुणी आलंच नाही तर? तर आपलं आपण पसरणं त्याला जमत नाही. मक्याचं कणीस तर याहून परावलंबी. सालात गुंडाळलेलं ते कणीस माणसाने सोलल्याशिवाय दाणे सुटेही होत नाहीत.

*

आता मला जो प्रश्न पडला तो असा : हे करायचं कुणी ठरवलं?

जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ साली आग्नेय तुर्कस्तानात जाऊन डोंगरउतारावरचा रानटी गहू गारगोटीच्या विळ्याने कापून पाहिला. तासाला साधारण किलोभर स्वच्छ धान्य हाती आलं. त्याने हिशेब मांडला की एखादं कुटुंब तीनेक आठवडे राबलं तर वर्षाला पुरून उरेल इतकं धान्य गोळा करील. मग नांगरा, पेरा, राखा ही उठाठेव कुणी आणि का केली?

पुढे गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० मध्ये प्रयोगांवरून असं मांडलं की विशिष्ट पद्धतीने कापणी-पेरणी केली तर रानटी गहू २० ते २०० वर्षांत माणसाळू शकतो. म्हणजे एका आजोबापासून पणतवापर्यंत. पण उत्खननात सापडलेले दाणे वेगळंच सांगतात. प्रत्यक्षात या बदलाला दोन-तीन हजार वर्षं लागली. याचा अर्थ कुठल्याही पिढीला आपण काही बदलतो आहोत हे दिसलंच नसणार. 'आजपासून आपण शिकार सोडून शेती करायची' अशी सभा कुठे भरली नाही, ठराव झाला नाही. यंदा नदीकाठी थोडं बी टाकून बघू. यंदा राखायला दोघांना मागे ठेवू. यंदा बाळंतीण आहे, तेव्हा पावसाळाभर इथेच राहू. प्रत्येक पायरी शहाणपणाची होती, आणि प्रत्येक पायरीवरून परत फिरता येत होतं. परत फिरता येत नाही हे कळलं तेव्हा मागच्या पायऱ्या कधीच पुसल्या गेल्या होत्या.

माझ्या व्यवसायात हे मी रोज बघतो. बँकांच्या जुन्या सिस्टिम्स बदलण्याचं काम आम्ही करतो. त्यात हमखास एक कोड असं सापडतं की त्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, 'हे तात्पुरतं आहे, पुढच्या महिन्यात काढणे.' तारीख पंधरा वर्षांपूर्वीची. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. आणि आज त्याच ओळींवर चाळीस इतर प्रोग्रॅम्स उभे असतात. काढायला जावं तर सगळंच कोसळतं. हे असं असावं असं कुणीच ठरवलं नव्हतं.

*

आईला ऑगस्टमध्ये मी कहोकियाला नेलं. आपल्यापैकी बरेच जण पाहुण्यांना आर्च दाखवून आणतात आणि नदीपलीकडे पंधरा-वीस मिनिटांवर असलेलं हे ठिकाण राहून जातं. इ.स. १०५० च्या सुमारास इथे एक मोठं नगर उभं राहिलं. मक्याच्या शेतीवर पोसलेलं, मातीचे डोंगर रचणारं. त्यातला मोठा, मंक्स माउंड, सुमारे १०० फूट उंच आहे. माती सगळी टोपल्यांनी वाहिलेली. १९८२ पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आई गुडघ्यांवर हात ठेवत, दम खात वर चढली. वरून दूरवर आर्च दिसते. मी तिला सांगितलं की इथेच एका लहान उंचवट्याखाली, ज्याला माउंड ७२ म्हणतात, पन्नासाहून अधिक तरुण मुली एकाच खड्ड्यात ओळीने पुरलेल्या सापडल्या. बळी दिलेल्या. धान्याची कोठारं भरली की कोठारांचा राजा येतो आणि राजाबरोबर हेही येतं. आई बराच वेळ काही बोलली नाही.

इथून उत्तरेला तीन तासांवर, इलिनॉय नदीच्या खोऱ्यात डिक्सन माउंड्स आहे. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास १९८० च्या दशकात गाजला. मका हे मुख्य अन्न होण्याआधीची आणि नंतरची माणसं तिथे एकाच भूमीत पुरलेली होती. शेती वाढल्यावर दातांच्या आवरणावर उपासमारीच्या रेषा वाढल्या, रक्तक्षयाच्या खुणा जवळजवळ चौपट झाल्या, जन्मतः सरासरी आयुष्य २६ वरून १९ वर्षांवर आलं. सीरियातल्या अबू हुरेरा या गावात थिया मोलसन यांना बायकांच्या पायांची बोटं, गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले आढळले. रोज तासन् तास गुडघे टेकून धान्य दळल्याच्या त्या खुणा. जातं ओढलेल्या कुठल्याही आजीला हे वेगळं समजावून सांगायला नको. जॅरेड डायमंड यांनी १९८७ साली एका लेखात शेतीला मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत वाईट चूक म्हटलं, ते याच पुराव्यांवरून. हाडांवरून असे निष्कर्ष काढताना जपून राहावं, असंही पुढे काही अभ्यासकांनी बजावलं. जो आजारी पडून लगेच मरतो त्याच्या हाडांवर खूण उमटत नाही आणि जो तग धरतो त्याच्या उमटते. तरीही शेतीने पहिल्या शेतकऱ्यांचं भलं केलं असं छातीठोकपणे म्हणायला आज फारसं कुणी धजणार नाही.

गाडीत परत येताना मी हे सगळं आईला सांगितलं आणि विचारलं, "मग तुला काय वाटतं, चूक झाली का?"

आई म्हणाली, "ज्यांच्या घरात खाणारी तोंडं होती त्यांना हा प्रश्न पडला नसेल. लेकरू रडतंय आणि समोर चार दाणे आहेत, तर ती बाई काय करील? ते उगवंल तसं बघेल."

मला वाटतं आईने डायमंडसाहेबांची नेमकी अडचण दाखवली. चूक म्हणायची तर ती करणारा कुणीतरी हवा, ज्याच्यासमोर दोन वाटा होत्या आणि ज्याला दोन्हींचा शेवट ठाऊक होता. असा माणूस त्या हजारो वर्षांत एकही नव्हता. पण म्हणून 'कुणाचीच चूक नाही' म्हणून हात झटकता येतील का? दातांवरच्या त्या रेषा लहान मुलांच्या वयातल्या आहेत. झिजलेले गुडघे बायकांचे आहेत. निर्णय कुणी घेतला नाही, किंमत मात्र कुणीतरी मोजली. आणि ती बहुधा त्यांनी मोजली ज्यांना कुणी विचारलं नव्हतं.

*

नानांनी लहानपणी मला एक गोष्ट सांगितली होती. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथून सायकलच्या अंतरावर इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. नाना कॉलेजात असताना मित्रांबरोबर ते बघायला गेले होते. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या गावांपैकी ते एक. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेलं आणि जवळजवळ नऊशे वर्षं नांदलेलं. जव, मसूर, कुळीथ, वाटाणा ही त्यांची पिकं. नदीचं पाणी वळवायला त्यांनी कालवा खणला होता. गावच्या प्रमुखाचं म्हणून जे मोठं घर ओळखलं गेलं, त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार.

नानांच्या मनात राहिलं होतं ते वेगळंच. तान्ही मुलं मेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून, घरातल्या जमिनीखालीच पुरत. आणि मोठी माणसं पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडत. मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये, घरातच राहावं म्हणून, असा त्याचा अर्थ लावतात. नाना म्हणायचे, "बघ, फिरस्ती सोडून माणूस एकदा जमिनीला चिकटला की आपल्या माणसाचे पायसुद्धा त्याला नकोसे होतात."

याच इनामगावात इ.स.पू. १००० नंतर मात्र उलटं घडलं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती आक्रसली आणि लोक पुन्हा शिकारीकडे आणि शेळ्यामेंढ्यांकडे वळले, असं ढवळीकरांनी मांडलं. कारण दुष्काळच होतं का यावर पुढे मतभेद झाले. पण इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव ओस पडलं एवढं नक्की. म्हणजे परत फिरणं अगदीच अशक्य नसतं. फक्त परतीची वाट येतानाच्या वाटेसारखी नसते. ती गरिबीतून जाते.

आणि माणूस फिरला की त्याच्या भरवशावर राहिलेल्याचं काय होतं, याचं उत्तर पुन्हा माझ्या परसातल्या चाकवताकडे आहे. इथल्या शेतकऱ्यांनी हळूहळू मक्याला जवळ केलं आणि पातळ कवचाच्या त्या पिकाची पेरणी थांबली. कुणी मुद्दाम थांबवली नाही. यंदा थोडी कमी, पुढच्या वर्षी आणखी कमी. ज्या बीने कवच उतरवून ठेवलं होतं तिला आता कुणी पेरणारं नव्हतं आणि स्वतः तग धरण्याची ताकदही राहिली नव्हती. ते पीक आज लुप्त आहे. त्याच्या बिया फक्त गुहांत, राखेत आणि संग्रहालयांत सापडतात. त्याचे रानटी भाऊबंद मात्र जाड कवच सांभाळून रस्त्याच्या कडेला मजेत उभे आहेत.

*

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

२००३ साली मी मिझुरीत एमएस करायला आलो. दोन वर्षांत डिग्री, कर्ज फेडायला दोन वर्षं नोकरी, मग परत. मग एचवन झाला. मग लग्न. मग ग्रीन कार्डाची रांग, ती अर्धवट कशी सोडायची? मग मुलगी झाली, मग घर, मग चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट. प्रत्येक पायरी शहाणपणाची होती. 'आपण इथेच राहायचं' असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. दर वेळी फोनवर नाना विचारायचे, "मग, यायचं कधी?" आणि मी म्हणायचो, "बघू." २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने नाना गेले. त्यांचं शेवटचं दर्शन मी फोनच्या पडद्यावर घेतलं. त्या दिवशी मला कळलं की 'बघू' हेसुद्धा उत्तरच होतं. फक्त ते मी दिलेलं नव्हतं, आपोआप दिलं गेलं होतं.

गावाकडे आमची अडीच एकर जमीन आहे. सातबारावर आता आईचं आणि माझं नाव. गेली वीस वर्षं ती माझा चुलतभाऊ कसतो, निम्म्या वाट्याने. मी त्याला दादा म्हणतो. विहिरीची मोटर जळली तर तो धावतो. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं शेतात बसवायची तर तो बोलणी करतो. आईला दवाखान्यात न्यायचं तरी तोच नेतो. गेल्या वर्षी पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं. फार्महाउससाठी जागा हवी, भाव चांगला. माझ्याकडून फक्त मुखत्यारपत्र हवं होतं. मी सवयीने म्हटलं, बघू.

सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आईने विचारलं, "तुम्ही परत येणार आहात का नाही, एवढंच एकदा सांग. रागावून नाही विचारत. मग जमिनीचं काय करायचं ते मला कळंल. दादालाही कळंल. तोही बिचारा दर वर्षी विचारतो, पुढच्या साली ऊस लावू का नको."

मी गप्प बसलो. त्या वाक्यातला दादा मला आजवर दिसलाच नव्हता. मी स्वतःला न ठरवलेल्या गोष्टीत अडकलेला समजत होतो. पण माझ्या न ठरवण्यावर आणखी दोन माणसं कवच उतरवून उभी होती. आई माझ्या येण्याच्या भरवशावर, दादा माझ्या न विकण्याच्या भरवशावर. दोघांनाही मी शब्द दिला नव्हता, हे खरं. पण शब्द न देता भरवसा मात्र दिला होता.

शिवाय यात परतीची वाट बंद होणं होतं. परदेशस्थ भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. आणि उद्या कायमचं परत गेलो तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सातबारावरचं नाव एकदा गेलं की मी आणि माझी मुलगी शेतकरी राहणार नाही. कित्येक पिढ्यांत कुणी न घेतलेला निर्णय माझ्या एका सहीने होणार होता.

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी आणि बायको स्वयंपाकघरात बसलो आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य मोठ्याने उच्चारलं. आपण परत जाणार नाही. आधी तिने म्हटलं, मग मी. म्हटल्यावर दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं. मग पुढचं ठरवणं त्या मानाने सोपं गेलं. जमीन पुण्याच्या गिऱ्हाइकाला द्यायची नाही. दादाला द्यायची, त्याला झेपेल त्या किमतीत, पाच वर्षांच्या हप्त्यांनी. आईने इथे कायमचं राहायला नकार दिला. "मी काय आता इथं रुजायची नाही," म्हणाली. मग दर हिवाळ्यात दोन महिने मी तिच्याजवळ राहून तिथूनच काम करायचं, हे माझ्या ऑफिसशी बोलून पक्कं केलं. पहिला हिवाळा पार पडलाही.

आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. निदान कळलं तरी." दादाने फोनवर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाला, "भाऊ, विहिरीकडचा बांध तेवढा तुझ्या नावाने राहू दे. नानांनी लावलेला आंबा आहे तिथं." कायद्यात असा बांध कुणाच्या नावावर राहत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मी बरं म्हटलं.

आम्ही घेतलेला निर्णय बरोबर की चूक, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित पन्नाशीत पश्चात्ताप होईल. पण पश्चात्ताप करायलाही आपण काहीतरी केलेलं असावं लागतं. दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण दोष देऊ शकत नाही, कारण त्याला पुढचं दिसतच नव्हतं. आपल्याला ती सवलत नाही. आपण एका आयुष्यात ती सगळी वाट चालतो आणि आपल्याला ती दिसत असते. 'आपोआप झालं' हे त्यांचं उत्तर होतं, ते आपल्याला शोभत नाही. निदान जी माणसं आपल्या भरवशावर कवच उतरवून बसली आहेत, त्यांना खरं काय ते सांगण्याइतकं तरी आपलं देणं लागतं.

जाता जाता चाकवताचं. एचओएच्या नजरेआड, गराजच्या मागे, आईने एक रोप मुद्दाम राखलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते कमरेएवढं होऊन बियांनी लगडलं आणि वाळून पडलं. हजारोंनी बिया असतील. या वसंतात त्यांतली दहा-बारा उगवली आहेत. बाकीच्या थांबल्या आहेत, जाड कवच घालून. त्यांना थांबता येतं. आपल्याला येत नाही.

तुमच्या घरातलं 'बघू' किती वर्षांचं झालं?